ठिणगी आणि गंजी

शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात आगगाडी येते ती १६ एप्रिल १८५३ रोजी. बोरीबंदर ते ठाणे, चौदा डबे, सुमारे चारशे निमंत्रित आणि एकवीस तोफांची सलामी. आमच्या उर्दू शाळेतली मुलेही हे तोंडपाठ म्हणतात आणि पूर्ण गुण मिळवतात. त्या धड्यात रुळाच्या कडेला राहणारा माणूस मात्र कुठेच नसतो. त्याच्या अंगणात वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळी बसली का, शिटीने त्याचे जनावर बुजले का, ठिणगीने त्याचे गवत जळले का, आणि जळले असेल तर त्याने फिर्याद कुठे नेली, याची नोंद पुस्तकात नाही. न्यायालयाच्या दप्तरात मात्र ती आहे, आणि तिथून हा माणूस आपल्याला चांगला भेटतो.

ही दप्तरे आगगाडीच्या मायदेशातली, म्हणजे ब्रिटनमधली आहेत. तिथे वाफेच्या इंजिनाने लोक नेण्यास सुरुवात होऊन दहा वर्षेही झाली नव्हती, तोच पहिला मोठा खटला उभा राहिला. स्टॉकटन-डार्लिंग्टन रेल्वे एका हमरस्त्याला खेटून जात होती आणि इंजिनाला पाहून रस्त्यावरचे घोडे बिथरत. हा सार्वजनिक उपद्रव आहे, असा आरोप कंपनीच्या लोकांवर ठेवण्यात आला. १८३२ मध्ये न्यायालयाने सांगितले की, पार्लमेंटने कायदा करून इंजिन चालवण्याची मुभा दिली तेव्हा शेजारी रस्ता आहे हे पार्लमेंटला ठाऊक होते. तेव्हा लोकांच्या मोठ्या सोयीसाठी थोडी गैरसोय सोसणे भाग आहे. पुढची सत्तर वर्षे शेजाऱ्याला बहुधा हेच उत्तर मिळत राहिले. १८६० मध्ये दक्षिण वेल्समधल्या टाफ व्हेल रेल्वेच्या ठिणग्यांनी लगतचे रान जळाले. इंजिन नीट राखलेले होते, कायद्याची मुभा होती, म्हणून कंपनी सुटली. १८६९ मध्ये लंडनजवळच्या हॅमरस्मिथ येथील एका घराचा प्रश्न हाऊस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला. गाड्यांच्या हादऱ्यांनी घराची किंमत उतरली होती. घरमालकाची जमीन घेतली असती तर मोबदला मिळाला असता. नुसते हादरे बसले म्हणून काही मिळणार नाही, असा निकाल लागला. लॉर्ड केर्न्स यांनी विरोधी मत नोंदवले, पण ते अल्पमतात राहिले.

या हरलेल्या खटल्यांच्या रांगेत एक खटला शेजारी जिंकला. तो आपल्या कामाचा आहे, कारण त्यातली रेल्वे आजही धावते आणि तिचे आपल्या माथेरानच्या गाडीशी नाते आहे.

उत्तर वेल्समधल्या ब्लायनाय फेस्टिनिओगच्या डोंगरात पाटीचा दगड निघतो. पूर्वी आपल्या मुलांच्या हातात असायची त्या पाटीच्याच जातीचा हा दगड, तिकडे तो मुख्यतः घरांच्या छपरांसाठी जात असे. तो बंदरापर्यंत न्यायला १८३६ मध्ये फेस्टिनिओग रेल्वे सुरू झाली. रुळांमधले अंतर जेमतेम दोन फूट. भरलेल्या वाघिणी उतारावरून आपल्या वजनाने खाली जायच्या आणि रिकाम्या घोडे वर ओढायचे. १८६३ मध्ये घोड्यांच्या जागी वाफेची इंजिने आली. मग एके दिवशी इंजिनाच्या ठिणगीने जोन्स नावाच्या माणसाची गवताची गंजी जळाली.

कंपनीने काळजी घेण्यात कसूर केली नव्हती, हे सर्वांना मान्य होते. टाफ व्हेलचा निकाल पाहता जोन्सला हात हलवत परत जावे लागणार असेच कुणालाही वाटले असते. पण १८६८ मध्ये न्यायमूर्तींनी कंपनीचा मूळ कायदा काढून वाचला. तो १८३२ चा, घोड्यांच्या काळातला. त्यात वाफेचे इंजिन चालवण्याची मुभा शब्दाने कुठेच दिलेली नव्हती. म्हणजे कंपनी धोक्याची वस्तू स्वतःच्या जबाबदारीवर वापरत होती आणि नुकसान झाले तर ते तिनेच भरून द्यायचे होते. जोन्सला पैसे मिळाले. मला या खटल्यात महत्त्वाचे वाटते ते हे, की जोन्सचे दुःख टाफ व्हेलच्या रानमालकापेक्षा वेगळे नव्हते. आग तीच, इंजिन तसेच. फरक एवढाच की एका कंपनीच्या कागदावर एक वाक्य होते आणि दुसरीच्या नव्हते. शेतकऱ्यांची ही कुचंबणा दूर व्हायला १९०५ साल उजाडले. त्या वर्षीच्या रेल्वे आगीविषयीच्या कायद्याने ठिणगीने पीक जळाल्यास शंभर पौंडांपर्यंतची भरपाई कंपनीची चूक सिद्ध न करता मिळू लागली. त्याच कायद्याने कंपनीला शेजारच्या जमिनीत शिरून झुडपे साफ करण्याचाही हक्क दिला. तणाचे भांडण इथून कायद्यात आले.

याच फेस्टिनिओगच्या दोन फुटी रुळांवर १८७० मध्ये झालेल्या चाचण्या पाहायला देशोदेशीचे इंजिनिअर आले होते. अरुंद रूळ डोंगरात स्वस्तात जातो, हे जगाला पटले. १८८१ मध्ये दार्जिलिंगला दोन फुटी गाडी पोचली आणि १९०७ मध्ये नेरळहून माथेरानला. सर आदमजी पीरभॉय यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांनी ही गाडी बांधली. वडिलांनी सोळा लाख रुपये घातले. आदमजी म्हणजे फौजेला तंबू आणि बूट पुरवणारे मुंबईचे बोहरी उद्योगपती. १९०७ च्या डिसेंबरात कराचीला मुस्लिम लीगचे अधिवेशन भरले त्याचे ते अध्यक्ष होते, आणि आपल्याकडे त्यांचे नाव निघालेच तर तेवढ्यापुरते निघते. सुमारे एकवीस किलोमीटरचा, वीस फुटांना एक फूट चढणारा तो मार्ग मात्र रोज डोळ्यांसमोर असून बांधणारा कोण, हे डब्यात बसलेल्या फार थोड्यांना ठाऊक असते.

फेस्टिनिओग आणि माथेरान यांत एक मोठा फरक आहे. फेस्टिनिओगची गाडी दगडासाठी जन्मली आणि पुढे सहलीची झाली. माथेरानची पहिल्यापासून सहलीचीच. फेस्टिनिओगचा धंदा बसला, १९४६ मध्ये गाडी थांबली आणि हौशी मंडळींनी १९५४-५५ मध्ये ती पुन्हा उभी केली. मधल्या काळात वीजमंडळाने जलाशयासाठी तिच्या मार्गाचा एक तुकडाच घेतला आणि ही कंपनी स्वतःच फिर्यादी झाली. १९७२ पर्यंत ती भरपाईसाठी झगडत राहिली. एकेकाळी जोन्सला नकार देणारी कंपनी आता जोन्सच्या जागी उभी होती.

ब्रिटनमध्ये अशा वारसा रेल्वे पुष्कळ आहेत आणि त्यांचे शेजारी पुन्हा तक्रारी करतात. प्रत्येक फाटकाशी शिटी, सकाळी इंजिन पेटवताना तासन्‌तास निघणारा धूर, वाळत घातलेल्या कपड्यांवर पडणारे काजळीचे कण आणि रुळांवर होणारी तणनाशकाची फवारणी. रेल्वेचे ठरलेले उत्तर असे, की तुम्ही घर घेतलेत तेव्हा गाडी होतीच. इंग्रजी कायदा मात्र १८७९ पासून सांगत आला आहे की, उपद्रव आधीपासून होता एवढ्याने तो माफ होत नाही. शिवाय पुष्कळ ठिकाणी गाडी नव्हतीच! फेस्टिनिओगच्या शेजारच्या वेल्श हायलँड रेल्वेवर शेवटची गाडी १९३७ मध्ये गेली. रूळ उखडले, त्या पट्ट्यावर गवत वाढले, दोन पिढ्यांनी तिथे मेंढ्या चारल्या. १९९० च्या दशकात ती पुन्हा बांधायची ठरली तेव्हा शेतकऱ्यांनी कडाडून विरोध केला. जाहीर चौकशी झाली आणि १९९९ मध्ये उपपंतप्रधान जॉन प्रेस्कॉट यांनी मंजुरी दिली. २०११ पासून गाडी संपूर्ण मार्गावर धावते आहे. परिसरात पर्यटकांचा पैसा येतो, हे खरे. पण १८३२ चे न्यायमूर्ती ज्या लोकसोयीचा हवाला देत होते ती कोळसा, दगड आणि प्रवासाची होती. सुटीच्या दिवशीच्या फेरफटक्यासाठी शेजाऱ्याने तितकेच सोसावे का, हा प्रश्न मला रास्त वाटतो. आणि तो विचारणाऱ्याला लोक लगेच वारशाचा वैरी ठरवतात.

रेल्वेची बाजूही ऐकली पाहिजे. खडीत तण माजले की पाणी साचते, लाकडी स्लीपर कुजतात, चाक घसरते आणि उन्हाळ्यात तेच वाळलेले गवत ठिणगीची वाट पाहत असते. कधीकाळी विळा घेतलेली माणसे हे काम करीत. मग सोडियम क्लोरेट आले आणि १९७० च्या दशकानंतर ग्लायफोसेट. हौशी स्वयंसेवकांवर चालणाऱ्या रेल्वेला माणसे कमी पडतात, तेव्हा टाकी लावून फवारणे सोपे जाते. पण वारा कुंपण मानत नाही. पलीकडे कुणाची भाजी असते, कुणाच्या मधमाश्या असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये ग्लायफोसेटला ‘बहुधा कर्ककारक’ ठरवले. अमेरिका आणि युरोपच्या नियामकांनी ते मान्य केले नाही. तरी जर्मन रेल्वेने २०२३ पासून त्याचा वापर सोडला, आणि आपल्या केंद्र सरकारने २०२२ मध्ये ते फवारण्याचा अधिकार फक्त कीडनियंत्रण करणाऱ्या परवानाधारकांपुरता ठेवला. दुसऱ्या टोकाला वेल्समधल्याच माएस्टेगचे रहिवासी आहेत. रेल्वेच्या बांधावरचे जपानी नॉटवीड हे चिवट तण आवरले नाही म्हणून त्यांनी दावा लावला आणि २०१८ मध्ये अपील न्यायालयातही तो जिंकला. ठिणग्यांचा प्रश्न फेस्टिनिओगने आपल्यापरीने सोडवला होता. लगतच्या वनात आगी लागत, म्हणून १९७० पासून तिने इंजिने कोळशाऐवजी तेलावर चालवायला घेतली.

माथेरानला हे भांडण उलट्या बाजूने दिसते. तिथे मोटारींना बंदी आहे. दस्तुरी नाक्याच्या पुढे गाडी जात नाही. ४ फेब्रुवारी २००३ च्या अधिसूचनेने हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरला. शांतता हाच तिथला माल आहे आणि तिथल्या लोकांचे पोट त्यावर चालते. छोट्या गाडीच्या आवाजाबद्दल कुणी कुरकुरत नाही. तक्रार असते ती गाडी येत नाही याची. २००५ च्या जुलैच्या पावसात मार्ग वाहून गेला तो २००७ मध्ये सुरू झाला. मे २०१६ मध्ये डबे घसरले आणि गाडी बंद पडली. पूर्ण मार्ग सुरू व्हायला २०१८ उजाडले. २०१९ च्या पावसाने पुन्हा दरडी कोसळल्या, मग नेरळहून गाडी निघाली ती ऑक्टोबर २०२२ मध्ये. त्या तीन वर्षांत अमन लॉज ते माथेरान एवढी शटल तेवढी आधाराला होती.

आता तिथे वाद पेटला आहे तो आवाज न करणाऱ्या वाहनावरून. चढावर माणूस बसवून हातरिक्षा ओढणारे लोक ई-रिक्षा मागत होते. घोडेवाल्यांचा तिला विरोध होता, कारण दस्तुरी नाक्यावरचे त्यांचे गिऱ्हाईक जाणार. पेव्हर ब्लॉकवर घोड्याचा पाय घसरतो, ही त्यांची दुसरी तक्रार. दोघेही रहिवासी, दोघांचीही गुजराण पर्यटकावर. सर्वोच्च न्यायालयाने आधी प्रायोगिक तत्त्वावर ई-रिक्षांना परवानगी दिली. मग ६ ऑगस्ट २०२५ रोजी, माणसाने माणसाला ओढणे अमानुष आहे असे म्हणत, सहा महिन्यांत हातरिक्षा बंद करून ओढणाऱ्यांना ई-रिक्षा देण्याचा आदेश दिला. परवाना असलेल्या हातरिक्षा चौऱ्याण्णव. घोडेवाल्यांच्या गेलेल्या गिऱ्हाइकाची भरपाई कुणी करायची, हे जोन्सच्या गंजीसारखे कागद काढून वाचावे लागेल.