रात्रीचं संत्रीला विचारा

मागच्या भागात आपण स्मरणशक्तीच्या चाचण्या कशा घडत गेल्या ते पाहिलं. आज त्यांच्या शेजारचा इतिहास. ज्याची स्मृती ढासळते आहे, त्याचं नैराश्य ओळखायचं कसं?

१९६१ साली किलोह नावाच्या इंग्रज मनोविकारतज्ज्ञाने दाखवून दिलं की स्मृतिभ्रंश झालासा वाटणारी काही माणसं खरं तर नैराश्यात बुडालेली असतात आणि बरीही होतात. पुढे १९८२-८३मध्ये येसावेज, ब्रिंक आणि सहकाऱ्यांनी खास ज्येष्ठांसाठी ३० प्रश्नांची यादी आणली. उत्तर फक्त हो किंवा नाही. झोप, भूक, अंगदुखी मुद्दाम वगळली, कारण त्या तक्रारी वयाबरोबर येतातच. यादी उत्तम होती. पण ती विचारते गेल्या आठवड्याबद्दल. ज्याला सकाळचं जेवण आठवत नाही, त्याचा गेला आठवडा कुठून आणणार?

हीच माझ्या आईची गोष्ट. निवृत्तीनंतर मी देहरादूनला घर केलं, आई आमच्याकडे होती. डॉक्टरांनी विचारलं, "माताजी, मन उदास रहता है?" आई म्हणाली, "नहीं, सब ठीक है." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "विसरते, बाकी काही नाही. वय झालं." छातीठोकपणे म्हणालो. दिवसातून दोनदा तिच्या खोलीत डोकावणारा माणूस मी!

१९८८मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात अलेक्सोपोलस आणि सहकाऱ्यांनी नेमकी ही अडचण सोडवली. त्यांची मोजपट्टी १९ लक्षणांची, प्रत्येकाला शून्य ते दोन गुण. आधी सांभाळणाऱ्या माणसाशी साधारण वीस मिनिटं बोलायचं, मग रुग्णाशी दहा. दोघांचा मेळ बसला नाही तर सांभाळणाऱ्याला पुन्हा विचारायचं. दहाच्या वर गुण गेले तर नैराश्याची दाट शंका. निदान मात्र डॉक्टरच करणार, हे विसरू नका. मला त्यातली एक अट फार आवडते: कशातच रस न उरणं हे महिन्याभराच्या आत सुरू झालं असेल तरच मोजायचं. स्मृतिभ्रंशातही रस जातो, पण तो हळूहळू झिरपत जातो.

फौजेत रात्री चौकीवर काय घडलं ते आम्ही कर्नलसाहेबांना विचारत नाही, संत्रीला विचारतो. घरात हे मला सुचलं नाही. आईच्या खोलीत झोपणाऱ्या पहाडी बाईंनी एकदा भांडी घासता घासता सांगितलं, "साहब, माताजी चार बजे उठकर दीवार की तरफ़ मुँह करके रोती हैं. शाम को ठीक रहती हैं." वेळेआधी जाग येणं, सकाळी मन जास्त खचलेलं असणं, ही दोन्ही लक्षणं त्या कागदावर आहेत. दीड वर्ष हे चाललं होतं आणि त्या बाईंना कुणी विचारलंच नव्हतं. मीही नाही.

दुसऱ्या डॉक्टरांकडे जाताना मी त्यांना सोबत नेलं आणि स्वतः बाहेर बाकावर बसलो. औषधं सुरू झाली. स्मृती परत आली नाही. माझं नाव तिला शेवटपर्यंत अधूनमधूनच आठवे. पण दोनेक महिन्यांनी पहाटेचं रडणं थांबलं आणि सकाळचा चहा ती मागून घेऊ लागली, आलं घातलेला.