कुवेत, अम्मान आणि पासपोर्टवरचा एक शिक्का

परवा एका लग्नात आमच्या गल्लीतले चाचा भेटले. वय पंचाहत्तरीच्या पुढे. जून २०२५ मध्ये आपली मुलं इराणमधून बसने आर्मेनियात गेली आणि येरेवानहून विमानाने दिल्लीला आली, तो विषय निघाला. चाचा म्हणाले, "आमचं पण असंच झालं होतं रे. कुवेतातून विमान पकडायला अम्मानपर्यंत गेलो."

मी तेव्हा दहा वर्षांचा होतो. चाचा परत आले ती संध्याकाळ आठवते. कोकण रेल्वे नव्हती, मुंबईहून रात्रभर एसटीने आले. गल्फवाला माणूस म्हणजे दोन मोठ्या बॅगा, टेपरेकॉर्डर, अत्तर. यांच्या हातात फक्त एक पिशवी.

२ ऑगस्ट १९९० ला इराकी फौजा कुवेतमध्ये घुसल्या. तिथे दीड लाखाहून जास्त भारतीय होते. विमानतळ बंद, बँका बंद. सद्दामने कुवेत इराकलाच जोडून टाकलं आणि कुवेती दिनारची किंमत इराकी दिनारइतकी केली, म्हणजे वर्षानुवर्षांची बचत एका हुकमात मातीमोल. (गंमत बघा, १९६१ पर्यंत त्याच कुवेतमध्ये आपल्या रिझर्व्ह बँकेचा गल्फ रुपया चालायचा.)

बाहेर पडायचं कुठून? दक्षिणेला सौदीच्या सीमेवर फौजा समोरासमोर. उरली जॉर्डनची वाट. कुवेतहून बसरा, तिथून बगदाद, मग वाळवंटातून जॉर्डनची सरहद्द आणि पुढे अम्मान. साधारण दीड हजार किलोमीटर, ऑगस्टच्या उन्हात. कुवेत-इराक सरहद्द इराकच्या हिशोबाने उरलीच नव्हती, त्यामुळे खरी परीक्षा जॉर्डनच्या नाक्यावर. तिथे इजिप्त, बांगलादेश, श्रीलंका, फिलिपिन्स, सगळीकडची माणसं तुंबली होती. चाचा सांगतात, दोन नाक्यांच्या मधल्या पट्ट्यात तंबूत राहिलो. दिवसा तंबू तापायचा, रात्री थंडी वाजायची. पाण्याचा टँकर आला की कोण कुठला हे विसरून सगळे धावायचे.

आणि कागद? अनेकांचे पासपोर्ट मालकाकडे. मालक पळालेला किंवा सापडत नाही. मग आपल्या वकिलातीने तात्पुरते कागद द्यायचे, त्यावर माणूस पुढे सरकायचा. चाचांचं नशीब, त्यांचा पासपोर्ट त्यांच्याकडेच होता.

इकडे भारतात काय चाललं होतं? ७ ऑगस्टला व्ही. पी. सिंहांनी मंडलची घोषणा केली. त्यानंतर पहिली पानं त्यानेच भरली, मग रथयात्रा आली. जुने अंक चाळताना मला हे फार जाणवतं. आमच्या धंद्याची ही जुनी खोड. परराष्ट्रमंत्री इंद्रकुमार गुजराल बगदादला जाऊन सद्दामला भेटले. त्या गळाभेटीच्या फोटोवरून तेव्हा टीका झाली, अजूनही होते. माझं मत विचाराल तर, दीड लाख माणसं ज्याच्या ताब्यात आहेत त्याला भेटायचं नाही तर कोणाला भेटायचं?

१३ ऑगस्ट ते ११ ऑक्टोबर. एअर इंडियाची ४८८ उड्डाणं, बहुतेक अम्मान-मुंबई. एक लाख अकरा हजारांच्या वर माणसं आणली. नागरी विमानांनी केलेली ही सर्वात मोठी सुटका म्हणून गिनीज बुकात नोंद आहे. २०१६ च्या सिनेमात हे सगळं एका हिरोच्या खांद्यावर टाकलंय. टोयोटा सनी म्हणून ओळखले जाणारे मॅथुनी मॅथ्यूज यांच्यासारखी माणसं खरीच होती, त्यांनी प्रचंड काम केलं. पण पायलट, हवाई सुंदऱ्या, वकिलातीतले कारकून, कुवेतमध्ये शाळांतून माणसांची राहण्याची सोय करणारे आपलेच लोक, हे सिनेमात मावत नाहीत.

आता जे फार कोणी सांगत नाही ते सांगतो.

१९९१ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी जिनिव्हात एक नुकसानभरपाई आयोग नेमला. पैसा इराकच्या तेलविक्रीतून कापायचा. त्यात एक वर्ग फक्त 'तिथून निघावं लागलं' यासाठी होता. किती नुकसान झालं ते सिद्ध करायची गरज नाही. २ ऑगस्ट १९९० ते २ मार्च १९९१ या काळात तुम्ही इराक किंवा कुवेतमधून बाहेर पडलात एवढं दाखवा. दुसरा कुठला दावा नसेल तर एका माणसाला ४,००० डॉलर, नाहीतर २,५००. साध्या माणसांना आधी पैसे मिळावेत आणि कंपन्या, सरकारं मागे राहावीत, असा क्रम ठरवला होता. युद्धाच्या इतिहासात असं क्वचितच घडतं.

म्हणजे ज्या नाक्यावर माणूस तहानेने कासावीस झाला, तिथला शाईचा शिक्का हाच त्याचा पुरावा ठरला.

चाचांना काही वर्षांनी पैसे मिळाले. त्यातून घराचा स्लॅब पडला आणि थोरल्या मुलीचं लग्न झालं. त्यांच्याच खोलीत राहणारा रत्नागिरीकडचा एक जण होता. परत आल्यावर 'अपशकुनी वस्तू' म्हणून त्याच्या आईने ते जुनं पासपोर्ट चुलीत घातलं. फॉर्म भरायची वेळ आली तेव्हा त्याच्या हातात काहीच नव्हतं. त्याला पैसे मिळाले की नाही, चाचांना माहीत नाही. पत्रव्यवहार तुटला.

लग्नातून निघताना चाचा मला घरी घेऊन गेले. कपाटातून प्लास्टिकची पिशवी काढली. पासपोर्टची पानं पिवळी पडलीत, शिक्का पुसट झालाय, तारीख मात्र अजून वाचता येते. मी मोबाईलवर फोटो काढायला लागलो तर म्हणाले, "दोन काढ. एक मुलीला पाठव."