एका 'आर'ची गोष्ट

मंडळी, आजचा एपिसोड एका अक्षराचा आहे.

मी शिंदखेड्यात बसून मोबाइलवर वायुदलाचे जुने बॅज शोधत असतो. त्यावर 'आर.आय.ए.एफ.' दिसलं, की विकणारा बिनधास्त लिहितो 'दुसऱ्या महायुद्धातला', आणि किंमतही तशीच लावतो. पैसे देण्याआधी जरा हिशेब करा ना भाऊ.

आपलं वायुदल सुरू झालं 8 ऑक्टोबर 1932 ला, नुसतं 'आय.ए.एफ.' म्हणून. जपान्यांशी बर्मात केलेल्या कामगिरीबद्दल 'रॉयल' हा मान मिळाला थेट मार्च 1945 मध्ये. ऑगस्टमध्ये जपानने हात टेकले. म्हणजे युद्ध आणि 'आर' यांची गाठ जेमतेम पाच महिने! मग तो 'आर' टिकला 26 जानेवारी 1950 पर्यंत. त्यामुळे असा बॅज युद्धानंतरचा असण्याचीच शक्यता जास्त. आम्हा कोडरांच्या भाषेत, हा व्हर्जन नंबर आहे.

मुंबईत जन्मलेले हृषीकेश मुळगावकर 1940 मध्ये दलात आले, बर्मात लढले, 1976 मध्ये वायुदलप्रमुख झाले. त्यांच्या एकाच नोकरीत हा 'आर' आलाही आणि गेलाही.

मग 'आर' नसलेला बॅज घ्यायचा का? तो 1950 नंतरचाही असू शकतो. वरच्या बाजूला बघा: मुकुट आहे की अशोकस्तंभाचे सिंह? सिंह असतील तर महायुद्ध विसरा.

आणि कुणाच्या आजोबांच्या ट्रंकेत पितळी बॅज सापडला, तर चिंच लावून चकचकीत करू नका. आधी पुढून-मागून फोटो काढा.