उजेडाने घट्ट झालेला सरस

परळ-लालबागच्या गिरण्यांचा इतिहास सांगताना चाती, साचे, पाळ्या आणि संप यांचा तपशील आपण विस्ताराने देतो. परंतु छपाईखात्याच्या कडेला असणाऱ्या ज्या अंधाऱ्या खोलीत लाकडी चौकटीवर ताणलेल्या जाळीला बायक्रोमेट मिसळलेला सरस पिवळ्या दिव्याखाली सारवला जाई, वाळल्यावर त्यावर नक्षीची फिल्म ठेवून प्रखर दिवा लावला जाई आणि पाण्याने धुताच उजेड लागलेला भाग टिकून झाकलेला तेवढा विरघळून जाई, त्या खोलीची दखल फारशी कोणी घेतलेली नाही. आज प्रयोगशाळेत द्रवाच्या थेंबांवर अतिनील किरण सोडून क्षणार्धात बहुवारिकाचे सूक्ष्म गोलक घडवितात. त्या विद्येचे कूळ शोधू लागल्यास ते याच हुन्नरापाशी येऊन पोहोचते, असे माझे ठाम मत आहे.

बायक्रोमेट लावलेला कागद उन्हात पालटतो हे स्कॉटलंडच्या मंगो पाँटनने 1839 साली दाखविले, आणि त्याच क्षाराने जिलेटिन उजेडात अविद्राव्य होते हे इंग्लंडच्या टॅल्बटने 1852 साली ओळखले. महारेणूंची कल्पना मात्र जर्मन रसायनज्ञ स्टॉडिंगरने मांडली ती 1920 साली. म्हणजे रेणूंच्या साखळ्या प्रकाशाने एकमेकींत गुंतविण्याचे काम कारागीर जवळजवळ सत्तर वर्षे करीत होते आणि शास्त्र मागाहून आले. आपल्या मुलखात पुण्याच्या सरकारी फोटोझिंको छापखान्याने नकाशांसाठी प्रकाशाच्या याच गुणाचा उपयोग केला.

1894 साली गिरगावात निघालेल्या राजा रविवर्म्याच्या छापखान्यात रंगाचे ठिपके कारागीर दगडावर हाताने देत. दादासाहेब फाळके यांनी लोणावळ्यास काढून पुढे दादरला आणलेल्या कारखान्यात, आणि त्यानंतर मुंबईभर पसरलेल्या ब्लॉकच्या धंद्यात, ते काम प्रकाशावर सोपविले गेले. घासून लख्ख केलेल्या तांब्याच्या पत्र्यावर माशाचा सरस आणि अमोनियम बायक्रोमेट यांचे मिश्रण ओतून पत्रा गरगर फिरवीत, म्हणजे थर सर्वत्र सारखा बसे; मग जाळीतून घेतलेली काचेची निगेटिव्ह त्यावर दाबून आर्क दिव्यासमोर धरीत. पाण्याखाली धुतल्यावर चित्र दिसतच नसे. ते दिसावे म्हणून जांभळ्या रंगात बुडवीत, आणि शेवटी गॅसच्या ज्योतीवर पत्रा तापवीत. जांभळा रंग उडून सरस चॉकलेटी झाला की कारागीर हात आवरी, कारण एवढा भाजलेला थरच तांबे कोरणाऱ्या फेरिक क्लोराइडला दाद देत नसे. इंचाला 133 रेषांच्या जाळीने एका चौरस इंचात 17,689 ठिपके पडत, आणि त्यातील प्रत्येक ठिपका म्हणजे उजेडाने घट्ट केलेला सरसाचा एक स्वतंत्र कण होता.

मासिके, दिवाळी अंक आणि चित्रपटांच्या जाहिराती यांना असे ब्लॉक अखंड लागत. 1942 साली परळला राजकमल कलामंदिर हा चित्रपट-स्टुडिओ उभा राहिला तेव्हा हा धंदा भरात होता. ज्या बायक्रोमेटावर तो चाले ते मात्र विष होते: कातडीला खोल, न भरणाऱ्या जखमा करणारे, श्वासावाटे गेल्यास कर्करोगाला कारण होणारे. 1948 च्या कारखाने अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत अशा जखमांचा, म्हणजे क्रोमव्रणाचा, समावेश होता. ज्यांच्या बोटांना असे व्रण पडले त्यांचे ऋण आपण कोठेच नोंदविलेले नाही, याची मला खंत वाटते.

पुढे गिरण्यांत सरसाची जागा पॉलिव्हिनिल अल्कोहोलने घेतली, छापखान्यांत ऑफसेट आले, तांब्याचे ब्लॉक भंगाराच्या भावाने गेले, आणि 18 जानेवारी 1982 पासूनच्या गिरणी कामगारांच्या संपानंतर छपाईखातीही एकेक करून बंद झाली. काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिलच्या जागेवर वस्त्रसंग्रहालयाची योजना महापालिकेने हाती घेतली आहे. तिथे साच्यांशेजारी ही अंधारी खोलीही, जाळीच्या चौकटी आणि आर्क दिव्यासह, मांडली जावी, आणि ज्यांच्या माळ्यावर असे जुने ब्लॉक पडून असतील त्यांनी ते भंगारात न घालता या संग्रहासाठी जपून ठेवावेत.