जन्म, निवास आणि बोली : क्रिकेट संघाच्या यादीचा इतिहास

खेळाच्या इतिहासात सामन्यांचे निकाल नोंदले जातात, विक्रम स्मरणात राहतात. परंतु संघाची यादी हा दस्तऐवज बहुधा दुर्लक्षितच राहतो. वस्तुतः कोणास आपला म्हणावयाचे आणि कोणत्या न्यायाने, या प्रश्नाचे उत्तर यादीतच सापडते. मुंबई परिसरातील क्रिकेटपुरते पाहिले, तर हा न्याय शंभराहून अधिक वर्षांत दोन वेळा बदललेला दिसतो. प्रथम तो जन्माचा होता, नंतर निवासाचा झाला आणि अखेरीस बोलीचा. या तिसऱ्या न्यायाची पहिली मोठी कसोटी १ जून २००८ रोजी नवी मुंबईत, नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर लागली.

यूरोपियन व पारशी यांच्या सामन्यांत १९०७ साली हिंदू संघाचा प्रवेश झाला. १९१२ साली मुस्लिम संघ येऊन सामने चौरंगी झाले आणि १९३७ साली पंचरंगी. येथे यादीतील प्रवेश जन्मावर अवलंबून होता, आणि यादीच्या आतही जन्म पाठ सोडीत नव्हता. चर्मकार समाजात जन्मलेल्या पाळवणकर बाळू यांनी १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी मिळविले. तथापि हिंदू संघाचे नेतृत्व त्यांना कधीही लाभले नाही. ते त्यांचे बंधू विठ्ठल यांच्याकडे १९२३ साली आले. १९४६ साली हे सामने कायमचे बंद पडले.

दरम्यान १९३४-३५ च्या हंगामात रणजी स्पर्धेस आरंभ झाला होता. या स्पर्धेने प्रांत हे एकक मानले. खेळाडूचा धर्म न पाहता तो कोणत्या संघटनेच्या क्षेत्रातील आहे, हे पाहिले जाऊ लागले. हे परिवर्तन मोठे होते. परंतु दोन्ही पद्धतींत एक गोष्ट समान राहिली. यादीतील नावापुढे किंमत लिहिलेली नव्हती.

ती २० फेब्रुवारी २००८ रोजी मुंबईत, इंडियन प्रीमियर लीगच्या पहिल्या लिलावात, लिहिली गेली. ‘लिलाव’ हा शब्द मराठीत पोर्तुगीजमधून आला आहे. ‘बोली’ हा मात्र घरचाच शब्द असून, माणसाची भाषा आणि माणसाने पुकारलेली किंमत असे दोन्ही अर्थ तो वाहतो.

समान साधने देऊन यादी रचावयास लावणे, ही कल्पना मात्र त्याहून जुनी आहे. ती प्रथम मेजावर खेळली गेली. अमेरिकेत १९५१ साली ‘अपबा’ आणि १९६१ साली हॅल रिचमन यांचा ‘स्ट्रॅट-ओ-मॅटिक’ हे बेसबॉलचे पट्टखेळ आले. त्यांत प्रत्येक खेळाडूची गतवर्षाची आकडेवारी एका पत्त्यावर उतरविलेली असते आणि फाशांच्या दानावरून फलंदाजाच्या पाळीचे फळ ठरते. हौशी मंडळी यातूनच आपापसांत लीग चालवू लागली. खेळाडू पाळीपाळीने निवडावयाचे, काहींना पुढील वर्षासाठी राखावयाचे, काहींची अदलाबदल करावयाची, हे त्यांचे खरे कौशल्य. गतवर्षी मोजकेच सामने खेळून असाधारण यश मिळविलेल्या खेळाडूचा पत्ता वर्षभर वापरता येऊ नये, असे निर्बंधही अनेक लीगांनी घातले. १९८० साली डॅनियल ओक्रेंट यांच्या मित्रमंडळाने न्यूयॉर्कमध्ये खऱ्या बेसबॉलपटूंचा काल्पनिक लिलाव मांडला; तेथे प्रत्येकाची थैली सारखी होती.

२००८ च्या लिलावातही प्रत्येक संघास ५० लाख डॉलरांची मर्यादा होती. काही संघांना आपल्या शहराचा मानकरी खेळाडू लिलावाविना मिळाला. पण त्याला संघातील सर्वाधिक बोलीच्या १५ टक्के अधिक देणे बंधनकारक होते. मुंबईने जयसूर्यांसाठी ९,७५,००० डॉलर मोजले. म्हणून तेंडुलकरांचे मानधन ११,२१,२५० डॉलर झाले. दोन नावांतच थैलीचे सुमारे ४२ टक्के संपले. व्ही. व्ही. एस. लक्ष्मण यांनी हैदराबादच्या संघाला खर्चास मोकळीक मिळावी म्हणून हा मान सोडला. चेन्नईला असा मानकरी नव्हता; त्यामुळे धोनींवर १५ लाख डॉलर, म्हणजे थैलीचे ३० टक्के, लावणे त्या संघास परवडले. आठ संघांत सर्वांत कमी किमतीस विकल्या गेलेल्या राजस्थानने शेन वॉर्न यांना साडेचार लाखांत घेऊन त्यांच्याकडे नेतृत्व दिले.

नेरूळच्या अंतिम सामन्यात हेच दोन संघ समोरासमोर आले. चेन्नईच्या १६३ धावा राजस्थानने शेवटच्या चेंडूवर, तीन गडी राखून ओलांडल्या. युसुफ पठाण यांनी तीन बळी घेऊन ५६ धावा काढल्या. गोव्याचे स्वप्निल अस्नोडकर यांचे नाव लिलावात पुकारलेच गेले नव्हते. त्यांनी त्या स्पर्धेत ३११ धावा केल्या. थैलीला मर्यादा असली की यादीचे मोल तिच्या शेवटच्या ओळींवर ठरते, हे त्या रात्री दिसून आले.

मात्र एका निकालावरून नियम बांधणे घाईचे ठरेल. १३ फेब्रुवारी २०२३ रोजी विमेन्स प्रीमियर लीगचा पहिला लिलाव झाला. प्रत्येक संघास १२ कोटी रुपये आणि १५ ते १८ खेळाडू अशी मर्यादा होती. सांगलीत वाढलेल्या स्मृती मानधना यांना बंगळूरच्या संघाने ३ कोटी ४० लाखांस घेतले. उरलेल्या १७ जागांस सरासरी सुमारे ५० लाखच राहिले. नेरूळ व ब्रेबर्न येथे झालेल्या त्या स्पर्धेत हा संघ पहिले पाच सामने हरून पाचांत चौथा आला. २०२४ साली मात्र त्याच मानधनांच्या नेतृत्वाखाली तो विजेता ठरला.

यावरून एवढे निश्चित म्हणता येते की पट्टखेळातील पत्ता आणि लिलावातील बोली ही दोन्ही भूतकाळाची मोजदाद आहेत. मेजावर तो भूतकाळच निकाल ठरवितो. मैदानावर तो केवळ किंमत ठरवितो. बोलीने माणसाला वस्तूच्या ओळीत बसविले, हा आक्षेप खोडून काढता येणार नाही. तथापि बाळूंच्या काळी जन्माने ठरलेली पायरी पराक्रमाने बदलत नव्हती. बोलीने ठरलेली किंमत मात्र पुढच्या लिलावात नव्याने मांडावी लागते.