कातारी कसब आणि मित्राची फुलदाणी

श्रोतेहो, पनवेल हे जुने बंदर. इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटिअरात या गावाचा मुख्य धंदा म्हणून नोंद आहे ती बैलगाडीच्या चाकांची. घाटावरचा गाडीवान माल उतरवून परत निघाला, की चाकांची एखादी जोडी इथून घेऊन जाई. १८३० साली बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला, १८६३ साली त्याच घाटातून आगगाडी धावली, पुढे मालमोटारी आल्या. चाक घडवणारा सुतार काही एका दिवसात आपले कसब विसरला नाही. त्याचे गिऱ्हाईक तेवढे गेले.

आता पनवेलहून गोव्याचा रस्ता धरा. अगदी दक्षिणेला सावंतवाडी लागते. तिथल्या चितार आळीतही लाकूड गोल होते, पण ते लेथवर कातून. हे काम करणारा तो कातारी. जुन्या काळी लाकडाभोवती दोरी गुंडाळून एकाने ती पुढे-मागे ओढायची आणि दुसऱ्याने फिरत्या लाकडाला हत्यार लावायचे, अशी रीत होती. आज तेच काम विजेची मोटर करते.

फुलदाणी कातायची तर लाकूड आधी चांगले वाळलेले हवे. ओले वापरले तर मागाहून तडकते. बाहेरचा आकार डोळ्यांना दिसतो. आतली पोकळी मात्र अरुंद तोंडातून, हाताच्या अंदाजाने कोरावी लागते. मग रंगीत लाखेची कांडी फिरत्या लाकडावर दाबायची. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडावर बसते. वरून केवड्याचे पान फिरवले, की आरशासारखी चकाकी येते. अशा फुलदाणीत पाणी घालू नये. वाळलेली किंवा कागदाची फुले ठेवावीत.

तिसरे खेम सावंत यांच्या राजवटीत, म्हणजे १७५५ ते १८०३ या काळात, सावंतवाडीच्या चितारी कलेला दरबाराचा आश्रय होता. लाखेची खेळणी, लाकडी फळे, गंजिफा यांनी गावाचे नाव झाले. पुढे आश्रय सरला आणि ही कला विसाव्या शतकात विझू लागली. शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी एका वृद्ध कारागिराकडून ती समजून घेतली, आणि १९७०च्या दशकात राजवाड्यातच काम सुरू करून तरुण हातांना रोजगार दिला.

यातला फरक ध्यानात घ्या. आज कित्येक हौशी माणसे घरी छोटे लेथ ठेवतात आणि मित्राच्या लग्नाला, वास्तुशांतीला स्वतः कातलेली फुलदाणी भेट देतात. मोठी चांगली गोष्ट! मित्र किंमत विचारीत नाही, म्हणून करणाऱ्याला घाई नसते. चार दिवस लागोत की आठ. पण ज्याचे पोट या कामावर आहे त्याला दिवस मोजावे लागतात. भेटीने हौस टिकते. धंदा टिकायला दाम लागतो. बापाला दाम मिळताना दिसला नाही, तर मुलगा लेथपाशी कशाला बसेल?

शिक्षक बंधुभगिनींनो, सहल दक्षिण कोकणात नेलीत तर किल्ल्याबरोबर कातारीचे दुकानही मुलांना दाखवा. एक वस्तू डोळ्यांदेखत कातली जाताना पाहू द्या. आणि निघताना शाळेसाठी एखादी फुलदाणी विकत घ्या, घासाघीस न करता.