कोठा रिकामा करताना

वऱ्हाडात 'कोठा' म्हटले की आधी गुरांचा कोठा डोळ्यांपुढे येतो. पण त्याच घरातली आजी नातवाच्या पोटावरून हात फिरवत 'कोठा जड झाला याचा' असे म्हणते, तेव्हा तिच्या मनात गुरे नसतात. संस्कृतातला 'कोष्ठ', म्हणजे बंदिस्त जागा, मराठीत धान्याच्या कोठारापासून बद्धकोष्ठापर्यंत असा सगळीकडे पसरला आहे. आपल्या बोलीने पोटाकडे एक साठवणीची खोली म्हणून पाहिले, आणि खोली म्हटली की ती अधूनमधून झाडून काढणे आलेच.

ही खोली संपूर्ण रिकामी करण्याचा प्रसंग आज अनेकांवर कोलोनोस्कोपीच्या निमित्ताने येतो. बुलढाणा, मेहकर, खामगावकडचा रुग्ण अकोल्याला किंवा छत्रपती संभाजीनगरला तपासणीसाठी जातो. त्याच्या हाती एक पाकीट आणि एक कागद दिला जातो. पाकिटातली पूड पाण्यात विरघळवून, ते लिटरच्या हिशेबात प्यायचे असते. तपासणीपेक्षा ही आदली रात्रच लोकांच्या अधिक लक्षात राहते. तिला इतिहास आहे, आणि तो वाटतो त्याहून गुंतागुंतीचा आहे.

आपल्याकडे त्याचा आरंभ अर्थातच विरेचनापासून करावा लागतो. चरकसंहितेचे कल्पस्थान हे बारा अध्यायांचे संपूर्ण स्थान वमन आणि विरेचन यांच्या योगांना वाहिलेले आहे. तिथे सहाशे योगांची गणना आहे, वमनाचे ३५५ आणि विरेचनाचे २४५. निशोत्तर हे सुखाने होणाऱ्या विरेचनात श्रेष्ठ, बहाव्याचा मगज सौम्य विरेचनात, आणि निवडुंगाचा चीक तीक्ष्ण विरेचनात, अशी प्रतवारीही आहे. मात्र औषधांच्या यादीपेक्षा मला अधिक महत्त्वाची वाटते ती रुग्णाकडे पाहण्याची रीत. मृदू, मध्यम आणि क्रूर असे कोष्ठाचे तीन प्रकार मानले होते. एकाला गरम दूध किंवा उसाचा रस पुरे होतो, दुसऱ्याला तीव्र औषधही हलवत नाही. तेव्हा मात्रा ठरवण्याआधी कोठा ओळखायचा. शिवाय विरेचन पुरे झाले हे कशावरून समजायचे? वेगांची संख्या मोजायची, दहा, वीस, तीस. आणि शेवटी काय पडते ते पाहायचे. आधी मळ, मग पित्त, आणि अखेरीस कफ. यालाच 'कफान्त' शुद्धी म्हटले आहे. तपासणीच्या दिवशी सकाळी परिचारिका विचारते, 'आता पाण्यासारखे स्वच्छ होतेय का?' तिला कफान्त हा शब्द ठाऊक असण्याचे कारण नाही, पण प्रश्न जवळजवळ तोच आहे.

शुद्धीनंतरचे प्रकरणही वैद्यांनी सोडून दिले नव्हते. पेया, विलेपी, मग साधे आणि संस्कारित यूष, अशा क्रमाने अग्नी पुन्हा पेटवायचा. उत्तम शुद्धी झाली असेल तर हा क्रम सात दिवसांचा. आजच्या छापील कागदावर एवढा विचार क्वचितच दिसतो.

घरोघरी मात्र यातले एरंडेलच काय ते उरले. रविवारी सकाळी पोरांना ओळीने उभे करून, नाक दाबून एरंडेल पाजणाऱ्या पिढीतले लोक अजून आपल्यात आहेत. त्यात ना कोष्ठपरीक्षा होती, ना संसर्जन. होता तो केवळ धाक, आणि वरून तोंडात टाकायला गुळाचा खडा.

विसाव्या शतकाच्या आरंभी या परंपरेकडे यंत्राच्या डोळ्याने पाहणारा एक माणूस मराठी मुलखात होता, याची आठवण फार थोड्यांना असते. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे पुढचे स्वामी कुवलयानंद. बुलढाण्याच्या पलीकडे खानदेशात, अमळनेरला, ते शिक्षणकार्यात होते. हठयोगातल्या बस्तीक्रियेत साधक पाण्यात बसून, पोटाचे स्नायू फिरवून, गुदमार्गाने पाणी वर ओढून घेतो. हे पाणी चढते कसे? 'योगसामर्थ्य' या उत्तरावर कुवलयानंदांचे समाधान झाले नाही. उड्डियान आणि नौलि या क्रियांवर त्यांनी बडोद्याच्या इस्पितळात क्ष-किरणांच्या साहाय्याने प्रयोग केले, दाब मोजला, आणि नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यात बाहेरच्या हवेपेक्षा कमी दाब निर्माण होतो असे दाखवले. या पोकळीला त्यांनी आपले गुरू माधवदासजी यांचे नाव दिले. १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम निघाले आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' या त्रैमासिकातून हे निष्कर्ष प्रसिद्ध होऊ लागले. आतडे धुण्याची क्रिया आणि आतडे पाहण्याचे साधन यांची गाठ आपल्याकडे प्रथम पडली ती अशी. पण इथेही धुणे हेच साध्य होते, पाहणे हे त्याच्या परीक्षेचे साधन.

कोलोनोस्कोपीने हा संबंध उलटा केला. लवचीक काचतंतूंच्या जुडीतून प्रतिमा नेता येते हे मोगा येथे जन्मलेले नरिंदरसिंह कपानी आणि हॅरोल्ड हॉपकिन्स यांनी १९५४ साली दाखवले. १९५७ मध्ये बॅसिल हिर्शोविट्झ यांनी अशा नळीने जठर पाहिले. १९६९ साली न्यूयॉर्कच्या बेथ इस्रायल रुग्णालयात विल्यम वुल्फ आणि हिरोमी शिन्या यांनी मोठ्या आतड्यातला पॉलिप, म्हणजे मांसाची लहानशी गाठ, पोट न फाडता या नळीतूनच तारेच्या फासाने काढला. पुढे कर्करोगात रूपांतर होऊ शकेल अशी गाठ आधीच खुडता येऊ लागली. मात्र त्यासाठी ती दिसली पाहिजे. आतड्याच्या भिंतीवर चिकटलेला जवसाच्या चटणीतला एखादा दाणा किंवा वांग्याचे बी सपाट गाठ झाकू शकते. म्हणून आधीचे दोनतीन दिवस भाकरी, ठेचा, बियांच्या भाज्या बंद. लाल रंगाची सरबतेही नकोत, कारण ती आत रक्तासारखी दिसतात. इथे रेच देणे हा उपचारच नाही. वैद्याला दोष बाहेर काढायचा होता, इथे डॉक्टरला केवळ स्वच्छ भिंत हवी आहे.

आणि नेमक्या या बदलामुळे जुन्या साधनांचे दोष उघडे पडले. दोष काढण्यासाठी दहा-वीस वेग पुरत. भिंत निरखायची तर सगळेच गेले पाहिजे. १९७३ साली इंग्रज शल्यचिकित्सकांनी शस्त्रक्रियेपूर्वी नाकातल्या नळीने पोटात मिठाचे पाणी सोडून संपूर्ण आतडे धुऊन काढण्याची पद्धत प्रसिद्ध केली. आतडे धुतले जाई, पण त्या पाण्यातले मीठ आणि पाणी शरीर बऱ्याच प्रमाणात शोषून घेई. हृदय किंवा मूत्रपिंड दुबळे असणाऱ्याला ते पेलणे कठीण. मग मॅनिटॉल ही गोड चवीची, न शोषली जाणारी शर्करा आली. ती आतड्यातल्या जंतूंना मात्र पचते, आणि त्यातून ज्वालाग्राही वायू तयार होतात. १९७९ साली फ्रान्समधून वृत्तांत आला तो अशा तयारीनंतर विजेच्या तारेने पॉलिप कापताना आतड्यातच स्फोट होऊन रुग्ण दगावल्याचा.

पुढच्याच वर्षी, १९८० मध्ये, डॅलसच्या जॉन फोर्डट्रान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रश्न वेगळा मांडला. आतडे काय घेते हे पाहून, त्याला काहीच घेता येऊ नये असे पाणी बनवायचे. पॉलिएथिलिन ग्लायकॉल हा न शोषला जाणारा पदार्थ, सोबत सोडियम, पण साध्या मिठाच्या रूपात नव्हे तर मुख्यतः सल्फेटच्या रूपात. कारण सल्फेट शोषले जात नाही आणि सोडियमलाही मागे रोखून धरते. हे पाणी एका टोकाने आत जाते आणि शरीराशी फारसा व्यवहार न करता दुसऱ्या टोकाने बाहेर पडते. रुग्ण ज्या खारट-कडसर चवीला नावे ठेवतो तिचे मूळ या सल्फेटात आहे. चव वाईट, परिमाण मोठे, म्हणून काहींनी थोडक्यात काम करणारे सोडियम फॉस्फेटचे द्रावण पत्करले. त्यामुळे मूत्रपिंडांना इजा होते असे आढळल्यावर २००८ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने कडक इशारा दिला आणि तिथे ते द्रावण दुकानातल्या खुल्या विक्रीतून निघाले.

आता हा इतिहास बुलढाण्याच्या उत्तर भागात आणून पाहावा लागतो. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाण पट्टा शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद या तालुक्यांतून जातो. तिथल्या विहिरींचे आणि कूपनलिकांचे पाणी क्षारांनी भरलेले. याच पट्ट्यात मूत्रपिंडाच्या विकाराने माणसे गेल्याच्या बातम्या आपण गेली अनेक वर्षे वाचतो आहोत. केवळ पाणीच त्याला कारणीभूत आहे की इतरही काही, हा वाद मिटलेला नाही, पण घरटी एखादे डायलिसिस पाहिलेल्या गावातल्या माणसाला त्याच्या वादाशी काय कर्तव्य? तो जेव्हा पोटाच्या तक्रारीसाठी शहरात जातो तेव्हा तपासणी होते पोटाची, आणि मूत्रपिंडाचे बोलणे राहून जाते. त्याने कोणत्या गावचे पाणी पिऊन पन्नास वर्षे काढली, रक्तदाबाची, लघवी वाढवणारी कोणती गोळी घेतो, क्रिएटिनिन कधी तपासले होते का, हे पाकीट हाती देण्याआधी विचारले गेले पाहिजे. आणि विचारले नाही तर त्याने स्वतः सांगितले पाहिजे. कारण फॉस्फेटचे द्रावण अशा माणसासाठी नाहीच. आणि मोठ्या परिमाणाचे ते बेचव पाणीच त्याला त्यातल्या त्यात निर्धोक.

तसेच ज्याचे दोन-दोन दिवस पोट साफ होत नाही, त्याने ते लाजेने लपवले तर नेहमीची मात्रा अपुरी पडते, भिंत दिसत नाही, आणि अकोल्याची फेरी पुन्हा करावी लागते. अलीकडे मात्रा दोन भागांत देतात, अर्धी संध्याकाळी आणि अर्धी तपासणीच्या काही तास आधी, कारण रात्रभरात लहान आतड्यातून उतरणारा द्रव उजव्या बाजूच्या भिंतीवर पुन्हा थर धरतो. मेहकरच्या माणसाला ही दुसरी अर्धी मात्रा पहाटे घेऊन मग एस.टी.त बसायचे असते. वाटेत शौचालय कुठे आहे, हे त्या कागदावर लिहिलेले नसते. ज्यांना परवडते ते आदल्या रात्रीच शहरात मुक्काम करतात, बाकीचे नातेवाइकाचे घर शोधतात, आणि त्या घरात संकोचाने पहिली गोष्ट विचारतात ती ही, की संडास आत आहे का.